बिशानची नदी: पुराला बाग, माणसाला परवडणारं घर

कलांग ही सिंगापूरमधली सर्वांत लांब नदी, तरी तिची लांबी जेमतेम १० किलोमीटर. लोअर पिअर्स जलाशयापाशी निघायचं आणि मरीना जलाशयाला जाऊन मिळायचं, एवढाच तिचा प्रवास. वाटेत ती बिशान आणि आंग मो किओ या दोन वसाहतींच्या मधून जाते. दोन्हीकडे एचडीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारती. मध्ये १९८८ साली केलेली बाग, आणि बागेच्या कडेने कुंपण घातलेला काँक्रीटचा सरळसोट कालवा. त्या कालव्यालाच नदी म्हणायचं. मार्च २०१२ मध्ये नवी बाग खुली झाली तेव्हा हा २.७ किलोमीटरचा कालवा जाऊन त्या जागी वळणं घेत जाणारी ३.२ किलोमीटरची नदी आलेली होती, कुंपण नव्हतं, आणि नदी नि बाग मिळून ६२ हेक्टरचं एकच क्षेत्र झालं होतं.

या बागेचे फोटो आपल्याकडे नदीसुधारणेच्या प्रत्येक सादरीकरणात असतात. हिरवे काठ, दगडांवरून पाण्यात उतरणारी मुलं, मागे इमारती. असे काठ कसे टिकतात, पाण्याला किती जागा सोडावी लागते आणि मागच्या इमारतींमधली घरं परवडणारी कशी राहतात, हे फोटोत दिसत नाही. हे तिन्ही प्रश्न शेवटी जमिनीचेच आहेत, आणि झाडं-बाकडी निवडायच्या आधी सोडवायचे आहेत.

रुंदीचा हिशेब

काँक्रीट काढून गवत लावलं की पाणी हळू वाहतं. ऐकायला छान वाटतं, पण पुराच्या दिवशी हळू वाहणारं पाणी जास्त जागा मागतं. किती, ते पात्रातल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्राने काढता येतं. त्यात खरखरीतपणाचा एक गुणक असतो: गुळगुळीत काँक्रीटला साधारण ०.०१५, गवत-झुडपं असलेल्या नैसर्गिक पात्राला ०.०३५ ते ०.०५, आणि दाट झुडपांच्या पूरमैदानाला त्याहूनही जास्त.

एक काल्पनिक कालवा घेऊ: रुंदी २० मीटर, पाण्याची खोली ३ मीटर, उतार हजाराला एक. काँक्रीटच्या पात्रात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.७ मीटर येतो आणि सेकंदाला सुमारे २२० घनमीटर पाणी जातं. याच पात्राचा गुणक ०.०४५ धरला तर वाहणारं पाणी एक तृतीयांशावर, म्हणजे ७४ घनमीटरवर येतं. उरलेलं पाणी लोकांच्या घरात. तेवढंच २२० घनमीटर पाणी नैसर्गिक पात्रातून न्यायचं असेल तर तळ ४० मीटर, दोन्ही काठ एकास दहा उताराचे (एक मीटर चढायला दहा मीटर आडवं अंतर) आणि पाण्याची वरची रुंदी १०० मीटर लागते. यात वळणांमुळे नदीची लांबी वाढते आणि उतार कमी होतो, तेही धरलं आहे. वेग मात्र सेकंदाला साधारण एक मीटरवर येतो, आणि तोच मुळं धरलेल्या गवताला झेपतो.

म्हणजे २० मीटरच्या काँक्रीटच्या बदल्यात १०० मीटरची हिरवी पट्टी. बिशानमध्येही असंच घडलं. जुना कालवा १७ ते २४ मीटर रुंद होता. आता मोठ्या पावसात पाणी जवळजवळ १०० मीटर रुंदीत पसरतं. शिवाय वहनक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढवून घेतली. हे जमलं, कारण शेजारी बागेची जमीन होती आणि तीही सरकारचीच. कालवा पाणी मंडळाकडे, बाग उद्यान मंडळाकडे. दोन्हींची मोठी दुरुस्ती एकाच सुमारास निघाली आणि मधली हद्द पुसली गेली. माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत अवघड गोष्ट हीच. खर्च सुमारे ७.६ कोटी सिंगापूर डॉलर आला, पण तो बांधकामाचा. १०० मीटर रुंद जमीन बाजारातून विकत घ्यायची असती तर फाईल पुढे सरकलीच नसती.

इथे आणखी एक फसगत होते. गुणक कोणत्या दिवसाचा धरायचा? उद्घाटनाच्या दिवशी रोपं गुडघ्याएवढी असतात, तेव्हा ०.०४ सुद्धा चालेल. पाच वर्षांनी तिथेच झुडपं माजतात आणि गुणक ०.०६ वर जातो. वरच्या उदाहरणात ०.०४५ चे ०.०६ झाले की वहनक्षमता पाव भागाने घटते. म्हणून पुराचा हिशेब वाढलेल्या झाडोऱ्याचा करायचा आणि काठाच्या धुपीचा हिशेब उघड्या, नव्या काठाचा. एकाच आकड्याने दोन्ही केले तर एक नक्की चुकतो. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावर इतका वाद झाला, पण त्या वादात सुशोभीकरणाच्या चित्रांवर जेवढं बोललं गेलं त्याच्या दशांशही या गुणकावर बोललं गेलं नाही. कोणत्याही नदीप्रकल्पाचा अहवाल हातात आला तर आधी हा आकडा शोधावा, मग पात्राची रुंदी कुठे कमी झाली ते पाहावं.

काठ कसा बांधतात

सिंगापूरला थंड देशांतलं तंत्र जसंच्या तसं उचलता येत नव्हतं. युरोपात नदीकाठ धरून ठेवायला विलो या झाडाच्या फांद्या खोचतात. त्या फुटतात, मूळ धरतात. उष्ण प्रदेशातल्या कोणत्या झाडांच्या फांद्या तसं करतील याचा अनुभव कमी होता. म्हणून मुख्य कामाच्या आधी, २००९ मध्ये, बागेतल्याच एका ओढ्याच्या ६० मीटर लांबीवर दहा तंत्रं करून पाहिली. त्यातली सात मुख्य नदीसाठी निवडली. आपल्याकडे निविदेत असा चाचणी तुकडा जवळजवळ कधीच नसतो आणि मग चाचणी थेट पहिल्या पुरात होते.

तंत्रं वेगवेगळी असली तरी रचना सारखीच. सर्वांत महत्त्वाचा काठाचा पायथा. नदी काठाला वरून नाही, खालून खाते. बाहेरच्या वळणावर तळ खरवडला जातो आणि वरचा हिरवागार काठ अख्खाच्या अख्खा खाली बसतो. म्हणून वळणांवर तळाच्याही खाली साधारण पाऊण ते एक मीटर खोदून, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरून, त्यावर ३० ते ४५ सेंटिमीटरचे दगड रचतात. जिओटेक्स्टाइल विसरलं तर दगडांच्या फटींतून मागची माती हळूहळू निघून जाते आणि दोन पावसाळ्यांनी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, पोकळ होतं. वरून काहीच कळत नाही, एक दिवस दगड आत बसतात.

पायथ्याच्या वर मातीचे थर. साधारण ३० सेंटिमीटरचा एकेक थर कापडात किंवा काथ्याच्या जाळीत गुंडाळून पायऱ्यांसारखा मागे घेत रचायचा आणि दोन थरांच्या मध्ये जिवंत फांद्या आडव्या घालायच्या, टोकं बाहेर ठेवून. जिथे उतार सौम्य आहे तिथे एवढं लागत नाही. समपातळीत उथळ चर काढून त्यात फांद्यांच्या मोळ्या बसवायच्या, खुंट्या ठोकायच्या, माती टाकायची. जिथे पाण्याचा जोर जास्त तिथे तारेच्या जाळीत दगड भरून त्यातच रोपं लावायची. काथ्याची जाळी अंथरताना वरच्या अंगाच्या पट्टीचं टोक खालच्या अंगाच्या पट्टीवर यायला हवं, निदान ३० सेंटिमीटर. उलटं झालं तर पाणी जोडात शिरतं आणि जाळी चादरीसारखी उचलून नेतं. कडा चरात पुरायच्या, चौरस मीटरला चार-पाच खुंट्या. जाळी दोन ते चार वर्षांत कुजते. कुजायलाच हवी, पण तोवर मुळांनी माती धरलेली हवी.

महाराष्ट्रात हे करायचं तर झाडं इथलीच घ्यावीत. नदीतल्या खडकांत तग धरणारी शेरणी, ओल्या काठाला वाळुंज, पाण्याच्या रेषेला लव्हाळा, उतारावर वाळा, वरच्या पट्ट्यात करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. वाळ्याचे ठोंब १० ते १५ सेंटिमीटरवर, समपातळीत सलग ओळीत लावायचे. मध्ये रोप मेलं आणि खिंड पडली की पाणी तिथूनच वाट काढतं. वाळुंज आणि निर्गुडीच्या फांद्या खोचल्या की फुटतात, त्यामुळे मोळ्यांसाठी त्या बऱ्या.

वेळ मात्र आपल्याकडे हमखास चुकते. जून तोंडावर आला की वृक्षारोपण, ही सरकारी सवय. नदीकाठावर ती घातक. मेमध्ये लावलेलं रोप जुलैच्या पाण्याला तोंड देऊ शकत नाही. दगडी पायथा नोव्हेंबर-डिसेंबरात पुरा करावा, लागवड जानेवारीपर्यंत संपवावी, आणि अख्खा उन्हाळा पाणी द्यावं. या पाण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा लागतो, नाहीतर कंत्राटदार मार्चपासून टँकर बंद करतो.

काळ्या मातीचा प्रश्न सिंगापूरच्या अहवालांत सापडणार नाही. धरणाचे दरवाजे बंद झाले की पाण्याची पातळी झपाट्याने उतरते, पण काठातली माती अजून भरलेली असते. समोरून पाण्याचा आधार गेला, मागून ओलाव्याचा दाब तसाच, आणि काठ घसरतो. बरेचसे काठ पूर चढताना शाबूत राहतात आणि उतरताना ढासळतात ते यामुळे. अशा ठिकाणी एकास तीन उतारही पुरत नाही. उतार आणखी सौम्य करावा किंवा काठाच्या आत मुरूम-खडीचा निचऱ्याचा थर द्यावा.

बागेत काय कुठे ठेवायचं

बाग पुराखाली जाणार हे गृहीत धरलं की प्रत्येक वस्तूची जागा पातळीवरून ठरते. वर्षातून अनेकदा बुडणाऱ्या पट्ट्यात दगड, गवत आणि पाण्यातून ओलांडायचे ठोकळे, बास. त्याच्या वर, वर्षा-दोन वर्षांतून बुडणाऱ्या भागात पायवाटा आणि जमिनीत पक्की रोवलेली दगडी किंवा काँक्रीटची बाकडी चालतात. लाकडी फळ्यांची बाकडी तरंगून पुलाला जाऊन अडकतात. खेळाच्या जागेतली रबरी फरशी खाली हवा अडकली की पापडासारखी उठते, म्हणून खेळणी, स्वच्छतागृहं आणि विजेच्या पेट्या सर्वांत वरच्या पट्ट्यात. दिव्यांचे खांब खाली चालतील, पण त्यांचे विजेचे जोड पूररेषेच्या वर हवेत. प्रवाहाला आडवे कठडे नकोतच; त्यांवर जलपर्णी आणि प्लॅस्टिक अडकून त्याची भिंत होते आणि कठड्यासकट पायवाट जाते.

बिशानची सौम्य उताराची रचना सुरक्षिततेसाठीही आहे. जुन्या कालव्यात कोणी पडलं तर उभ्या भिंतीला धरायला काही नव्हतं. आता पाणी चढायला लागलं की माणूस चालत वर येऊ शकतो. कलांगचं पाणलोट लहान आणि बांधकामांनी भरलेलं, त्यामुळे पाऊस पडला की काही मिनिटांत पाणी चढतं. म्हणून तिथे पातळी मोजणारी यंत्रं, इशाऱ्याचे दिवे, भोंगे, ध्वनिक्षेपकावरून सूचना, पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या लाल खुणा आणि जागोजागी जीवरक्षक कडी आहेत.

पुण्यात हीच यंत्रणा आणून बसवली तर पैसे वाया जातील. मुठेचा मोठा पूर खडकवासला धरणाच्या विसर्गाने येतो, आणि त्याचा आकडा आधी जाहीर होतो. नदीपात्रातला सखल भिडे पूल कधी पाण्याखाली जाणार हे पुणेकराला क्युसेकच्या (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याच्या) बातमीवरूनच कळतं. तेव्हा इथे बागेची फाटकं विसर्गाच्या आकड्याला बांधायची: एवढे क्युसेक झाले की खालची पट्टी बंद, एवढे झाले की मधली, आणि त्या दिवशी कुलूप लावणाऱ्या माणसाचं पद कागदावर नमूद. भोंगा लागेल तो ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखवलं की शहरातल्या शहरात पडलेल्या पावसाचं पाणी धरणाच्या बातमीची वाट पाहत नाही.

दुसरा फरक मुदतीचा. कलांगचा पूर काही तासांत ओसरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पाणी आठवडाभराहून जास्त होतं. काही तास बुडालेलं हिरवळीचं गवत उठून उभं राहतं; आठवडाभर गढूळ पाण्याखाली राहिलं तर कुजतं आणि वर गाळाचा थर बसतो. पंचगंगेच्या काठी बिशानचं लॉन लावणं म्हणजे दर मोठ्या पुरानंतर नवं लॉन घेणं. तिथे हरळी, लव्हाळा आणि गाळ खरवडून काढता येईल अशा दगडी फरसबंद जागा, एवढंच शहाणपणाचं.

सांडपाण्याचं काय, हेही बोलायला हवं, कारण त्यावर बाकी सगळं उभं आहे. सिंगापूरमध्ये मैलापाण्याची आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था वेगळी आहे. कलांगमधून पावसाचं पाणी वाहतं, म्हणून मुलं तिच्यात उतरू शकतात आणि म्हणूनच पुढे तिथे पाणमांजरांचं कुटुंब येऊन राहिलं. बागेच्या वरच्या अंगाला पाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींचे १५ वाफे आहेत. तळ्याचं पाणी पंपाने त्यांत सोडतात, ते रोपांच्या मुळांतून आणि खालच्या खडी-वाळूतून झिरपतं. मुलांच्या पाण्यातल्या खेळांसाठी वापरायचं असेल तर त्याला वर अतिनील किरणांची प्रक्रिया देतात. ही व्यवस्था बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आणखी स्वच्छ करते. नाल्याचं मैलापाणी त्यात सोडलं तर खडीच्या फटी महिन्या-दोन महिन्यांत भरतात आणि वाफ्यांचं डबकं होतं. उन्हाळ्यात नदीत फक्त सांडपाणी वाहत असेल तर आधी काठाने मैलावाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र, मग पायऱ्या. क्रम उलटा केला की जलपर्णीचं दर्शन घ्यायला घाट बांधल्यासारखं होतं.

घरं कोणत्या पातळीला

महाराष्ट्रात नदीला दोन रेषा असतात: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. परवडणारी घरं नेमकी या मधल्या पट्ट्यात येऊन पडतात, कारण जमीन तिथेच स्वस्त असते. तिथे बांधायचंच असेल तर जोतं लाल रेषेच्या वर निदान अर्धा मीटर हवं. खाली मोकळं पार्किंग ठेवलं की प्रश्न सुटला असं समजतात, पण पुरात इमारत पडत नाही, बंद पडते.

बंद पडायची ठिकाणं ठरलेली. मीटरची खोली पार्किंगमध्ये. पाण्याच्या पंपाची मोटर तिच्या शेजारी. लिफ्टचा खड्डा सर्वांत खाली, आणि वीज गेली की लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबेल अशी जोडणी केलेली. पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी, तिचं झाकण पार्किंगच्या फरशीबरोबर. पुराचं पाणी झाकणातून आत जातं आणि अख्खी सोसायटी दोन दिवस तेच पाणी पिते. मैलावाहिनीला उलट झडप (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, आत न येऊ देणारी) नसली तर नदी तळमजल्याच्या शौचालयातून वर येते, बाहेर पाणी यायच्या आधी. यावरचे उपाय महाग नाहीत, फक्त नकाशा काढतानाच करावे लागतात: मीटर आणि पंपाचं पॅनेल पहिल्या मजल्यावर, टाकीचं तोंड लाल रेषेच्या वर उचललेलं, लिफ्टला पूरकाळात वरच थांबवणारा स्विच, चेंबरला उलट झडप. इमारत झाल्यावर मीटरची खोली हलवायची म्हटली तर वीज कंपनीच्या परवानगीपासून सगळं नव्याने, आणि ३०० चौरस फुटांच्या पुनर्वसनाच्या घरात राहणाऱ्या माणसांच्या सोसायटीकडे त्यासाठी पैसे नसतात. उलट झडपेचंही एक दुखणं आहे. तिच्यात चिंधी, प्लॅस्टिक अडकलं की ती अर्धवट उघडी राहते. मेमध्ये उघडून साफ केली नाही तर असून नसल्यासारखी.

याहून जास्त विसरली जाते ती वाट. घर कोरडं, जिना कोरडा, पण इमारतीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा शंभर मीटरचा तुकडा छातीभर पाण्यात. रुग्णवाहिका येणार कुठून? एका बाजूची तरी वाट पूररेषेच्या वर हवी. बागेची जमीन इथे कामाला येते: पात्र रुंद करताना निघालेली माती-मुरूम भरून इमारतीच्या मागच्या बाजूने उंच वाट करता येते. भराव मात्र निळ्या रेषेच्या आत नको, नाहीतर एका हाताने दिलेली रुंदी दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते. बिशानमध्ये कालव्याचं फोडलेलं काँक्रीट टाकून न देता त्याचीच एक टेकडी रचली आहे. लोक तिच्यावर बसून नदी पाहतात.

समुद्राच्या भरतीचं पाणी असेल तर गणित बदलतं. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या काठावर हंटर्स पॉइंट साउथ नावाची बाग आहे. तिच्या पहिल्या टप्प्याचं बांधकाम चालू असतानाच ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी आत आलं आणि ओसरून गेलं. टप्पा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. मधलं लंबगोल मैदान पाणी साठवून सोडेल अशाच बेताने केलेलं आहे. २०१८ मध्ये दुसरा टप्पा आला, त्यात सुमारे दीड एकर खाऱ्या पाण्याची दलदल आहे. तिथलं खारं गवत भरती-ओहोटीच्या ठरावीक पट्ट्यातच जगतं. पातळी वीत-दोन विती वर-खाली झाली की मरतं, आणि कोवळं असताना रानहंस उपटून खातात, म्हणून अशा लागवडीवर सुरुवातीला दोऱ्या ताणाव्या लागतात. तिथे भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपास. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो पाच मीटरच्या जवळ जातो. एकास दहा उतार ठेवायचा तर तिकडे १५ मीटर रुंदी पुरते, इकडे ५० लागते. आणि इथे लावायला गवत नाही, तिवर (खारफुटी) आहे.

देखभाल आणि भाव

काँक्रीटच्या कालव्याला वर्षातून एकदा गाळ काढला की भागतं. नदीला भागत नाही. झुडपं दरवर्षी ठरलेल्या रुंदीत छाटावी लागतात, वाहून आलेली झाडं काढावी लागतात, आतल्या वळणांवर साचलेला गाळ मोजून तेवढाच उपसावा लागतो. सगळा उपसला तर पायथा उघडा पडतो. पूर ओसरल्यावर खळग्यांत राहिलेलं पाणी दोन-तीन दिवसांत निचरलं पाहिजे. डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवड्याचा असतो आणि सिंगापूर असो की पुणे, डेंग्यू दोन्हीकडे आहे. लागवडीचा ठेका तीन पावसाळ्यांच्या देखभालीसह द्यावा आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जगलेल्या रोपांच्या मोजणीवर.

आता भाव. नदी स्वच्छ झाली, बाग झाली, की शेजारच्या घरांची किंमत वाढते आणि ज्यांच्यासाठी घरं बांधली ते निघून जातात. सिंगापूरचे सुमारे ८० टक्के रहिवासी एचडीबीच्या घरांत राहतात. घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतं, जमीन सरकारचीच राहते. तरीही पुनर्विक्री बाजारभावाने होत असल्यामुळे बिशानमधली काही एचडीबी घरं दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर विकली गेली आहेत. एरवी पाच वर्षं राहिलं की घर विकता येतं. सिंगापूरमध्ये नोव्हेंबर २०२१ पासून शहराच्या मध्यभागातल्या आणि ऑक्टोबर २०२४ पासून इतर मोक्याच्या जागांवरच्या नव्या घरांनाही वेगळे नियम लागले: दहा वर्षं राहिल्याशिवाय विकायचं नाही, आणि विकताना मिळालेल्या जादा अनुदानापोटी किमतीचा ठरावीक हिस्सा परत करायचा. बिशानची नदी मोकळी केल्यानंतर बारा वर्षांनी आलेला हा नियम, पण आला.

हंटर्स पॉइंटला वेगळी वाट धरली. जमीन आधी शहराने विकत घेतली, ५ हजार घरांपैकी ६० टक्के परवडणारी असतील असं ठरवलं, आणि बागेलगतच्या पहिल्या दोन इमारतींतली ९२५ घरं कायमची भाडेनियंत्रित ठेवली. २०१५ मध्ये त्यांच्या सोडतीला ९२ हजारांहून जास्त अर्ज आले. भाडं मध्यम उत्पन्नाच्या लोकांना झेपेल असं होतं. अगदी गरिबांसाठी तिथे फार थोडी घरं होती, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच होती.

आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही. नदीकाठच्या प्रकल्पात ही मुदत अगदीच तोकडी आहे, कारण काठावरची झाडं मोठी होऊन बाग बागेसारखी दिसायला आणि भाव चढायला साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे बंदी नेमकी भाव चढल्यावर उठते. मुदत दहा वर्षांची करावी आणि त्यानंतरच्या पहिल्या विक्रीत वाढलेल्या किमतीचा ठरावीक हिस्सा मंडळाने परत घ्यावा. तो हिस्सा त्याच नदीपट्ट्याच्या देखभालीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, कारण छाटणी आणि गाळ उपसण्याच्या खर्चाला महापालिकेच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री लागते. हे सगळं सोडतीच्या जाहिरातीत आणि वाटपपत्रात पहिल्या दिवशीच लिहिलेलं असलं पाहिजे. चावी दिल्यावर घातलेली अट न्यायालयात टिकवणं कठीण जातं.